कोयता दिसला, सातबारा दिसला नाही

मराठीत गुंड पोरांवरचा सिनेमा आला की त्याची परीक्षणं दोन रांगांत उभी राहतात. एका रांगेत काळजीवाले. हिंसेचं उदात्तीकरण झालंय का, तरुण पिढीवर काय परिणाम होईल, शिव्या जरा जास्तच नाहीत का, असे त्यांचे प्रश्न. दुसऱ्या रांगेत शिट्टीवाले. काय अभिनय, काय संवाद, काय रांगडेपणा, अस्सल माती पडद्यावर आली, वगैरे. दोन्ही रांगा एकमेकींशी कचाकचा भांडतात आणि दोघी एकाच ठिकाणी बघत असतात. पोराच्या हातातल्या कोयत्याकडे.

कोयता काय, कुणालाही दिसतो. परीक्षण लिहिणाऱ्याने त्याच्या अलीकडचा कागद बघायला हवा. सातबारा, साठेखत, कुलमुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र. आपल्याकडच्या गुंडाच्या गोष्टीची पहिली रीळ पोलीस ठाण्यात नसते, बारमध्येही नसते. ती तलाठी कार्यालयात असते. तिथपर्यंत आपली समीक्षा जात नाही, ही माझी तक्रार आहे.

उदाहरण तुम्हाला माहीत असलेलंच घेतो. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’. २३ नोव्हेंबर २०१८ ला आला, आणि अजून गेलेला नाही. तुमच्या फोनमध्ये त्याची एखादी तरी क्लिप असेल. आमच्याकडे हळदीच्या रात्री डीजेवर ‘खतरनाक’ लागतं तेव्हा सातवीतल्या पोरापासून साठीतल्या काकांपर्यंत सगळे नाचतात. ‘मुळशी पॅटर्न’ हा शब्द तर बातम्यांमध्ये गुन्ह्याच्या एका प्रकाराचं नाव होऊन बसला. एखाद्या सिनेमाचं नाव भाषेत जाऊन बसतं तेव्हा त्याने काहीतरी खरं पकडलेलं असतं. काय पकडलं, हे सांगायचं काम समीक्षेचं होतं.

सिनेमात काय घडतं, ते आठवा. पुण्याला लागून असलेल्या तालुक्यात एक शेतकरी जमीन विकतो. मोहन जोशी यांनी तो बाप उभा केलाय. पैसा येतो तसा जातो. आपलीच विकलेली जमीन पगारावर राखायची वेळ त्याच्यावर येते. मग शहर, हमाली, आणि ओम भूतकरने साकारलेला मुलगा, राहुल. तो या अपमानातून थेट टोळीत जातो आणि पुढे स्वतःच जमिनी मोकळ्या करून देणारा भाई होतो. म्हणजे ज्या यंत्राने बापाला चिरडलं, त्याच यंत्राचा मुलगा दाता बनतो.

परीक्षणांमध्ये हा पहिला भाग एका वाक्यात उरकलेला दिसतो. जमिनीच्या व्यवहारांच्या ‘पार्श्वभूमीवर’ घडणारी कथा. पार्श्वभूमी! म्हणजे डोंगर, पाऊस, तसे जमिनीचे व्यवहार. मागे लावलेला पडदा.

मी धरमतरच्या खाडीकाठचा आहे. अलिबागला शनिवार-रविवार घालवायला जाताना वडखळ सोडलं की एक पूल लागतो. खाली खाडीत बार्जेस दिसतात, एका अंगाला डोलवीच्या पोलाद कारखान्याचा धूर. तो पूल तुमच्यासाठी ‘आता अर्ध्या तासात पोचलो’ची खूण आहे. तिथे राहणाऱ्याला जमीन ही पार्श्वभूमी वाटूच शकत नाही. ती इथलं मुख्य पात्र आहे. आणि ते पात्र गेली चाळीस वर्षं सतत कुणीतरी विकत घ्यायला आलेलं आहे. नागोठण्याला पेट्रोकेमिकल, डोलवीला पोलाद, मग सेझ, आता ‘तिसरी मुंबई’.

इथली शेती कशी असते, तेही सांगतो, कारण पुढच्या मुद्द्याला ते लागणार आहे. ही खारजमीन. भरतीचं पाणी मातीच्या बांधाने अडवायचं आणि आत पावसाच्या पाण्यावर भात पिकवायचा. बांधाला भगदाड पडलं तर त्याला आमच्याकडे खांड म्हणतात. पूर्वी खांड पडली की गाव पाट्या-फावडी घेऊन बांधावर जायचं. मग खारभूमीचं सरकारी खातं आलं, गावाची सवय मोडली, आणि खांडी वेळेत बुजेनाशा झाल्या. खारं पाणी दोन-चार वर्षं आत-बाहेर करत राहिलं की भात संपतं आणि शेतात तिवरं उगवतात. मग बरोबर त्या वर्षी एजंट येतो. गोड बोलतो. ‘काका, नापीक जमीन ठेवून काय करणार? पोराला गाडी घेऊन द्या.’

काका विकतात. पोराला गाडी येते. गाडीला डंपरचा जोड मिळतो, डंपरला भरावाचं काम. भरावाचं काम कुणाला मिळणार हे ठरवताना दहा पोरं एका बाजूला आणि दहा दुसऱ्या बाजूला उभी राहतात. त्यात कुणाचं डोकं फुटतं, आणि बॅनरवर एक नवा ‘भाई’ छापला जातो. हा सगळा साखळदंड डोळ्यांसमोर असताना मला परीक्षणात वाचायला काय मिळतं? की उत्तरार्धात सिनेमा थोडा लांबला.

समीक्षेने जे बघायचं टाळलं ते बाजाराने बरोबर हेरलं. २०२१ मध्ये याच सिनेमाचा हिंदी अवतार आला, ‘अंतिम’. दिग्दर्शक महेश मांजरेकर, म्हणजे मूळ सिनेमात स्वतः भूमिका केलेला माणूस. मराठीत उपेंद्र लिमये यांनी केलेला पोलीस अधिकारी कथेतला एक माणूस होता. हिंदीत तिथे सलमान खान आला, सरदारजी इन्स्पेक्टर होऊन. मोठा तारा आला की गोष्टीचं वजन त्याच्याकडे झुकतं. शेतकऱ्याच्या पोराचं काय झालं, याऐवजी पोलीस त्याला कसा संपवणार, ही गोष्ट झाली. जमिनीबद्दलचे संवाद आहेत, पण ते आता खरोखरच पार्श्वभूमी आहेत. मराठी परीक्षणांनी ‘मूळ सिनेमाची सर नाही’ असं म्हटलं. का नाही? बहुतेकांचं उत्तर अभिनयावर थांबलं. माझ्या मते मूळ सिनेमात जो मध्यभागी होता, तो शेतकरी बाप कडेला सरकला, हे त्याचं उत्तर आहे. पण तो मध्यभागी होता, हे आधी मान्य केलं असतं तर ना!

हेच पुन्हा घडलं जानेवारी २०२२ मध्ये. जयंत पवार यांच्या ‘वरनभात लोन्चा नि कोन नाय कोन्चा’ या कथेवर मांजरेकरांनी सिनेमा केला. गिरणगावातली कोवळी पोरं, त्यांच्यातली भयंकर हिंसा. ट्रेलरमधल्या दृश्यांवरून गदारोळ झाला. राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, मुंबईत पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. अल्पवयीन मुलांना पडद्यावर कसं दाखवायचं, हा प्रश्न खराच आहे आणि तो विचारला गेला हे योग्य झालं. पण त्या सगळ्या आठवड्यांत मला एक गोष्ट क्वचितच वाचायला मिळाली. पवारांची पोरं आकाशातून पडलेली नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, बंद पडलेल्या गिरण्या, आणि त्यांच्या जमिनी, यातून ती आलेली आहेत. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जागेची, बांधकामाखालची जमीन मालकाचीच. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. टॉवर उभे राहिले. त्या टॉवरच्या सावलीत वाढलेल्या पोराच्या हातात सुरा आला, तर सुरा किती वेळ दाखवला याचे सेकंद मोजायचे, की सावली कुणाची आहे हे विचारायचं?

मुळशी आणि लालबाग, दोन्ही सिनेमांत जमीन हातून जाते आणि एका पिढीने पोरगं हातून जातं. एकीकडे सातबारा, दुसरीकडे नियमातली एक ओळ. पद्धत वेगळी, व्यवहार एक.

कुणी म्हणेल, सिनेमा म्हणजे महसूल खात्याचा अहवाल नव्हे. कबूल. पण सिनेमाच्या भाषेत हे करता येतं, याचा पुरावा आहे. मात्तेओ गारोने यांचा ‘गोमोरा’ बघा. २००८ चा, नेपल्सच्या कामोरा टोळ्यांवरचा, कान महोत्सवात ग्रां प्री मिळवलेला. रोबेर्तो साव्हियानो यांच्या पुस्तकावरून केलेला. त्यात बंदुकीने खेळणारी दोन माजलेली पोरं आहेत, पोस्टरवर तीच झळकली. पण त्यातलं सगळ्यात अंगावर येणारं प्रकरण एका कोट घातलेल्या सभ्य माणसाचं आहे. तो कारखान्यांचा विषारी कचरा शेतकऱ्यांच्या जमिनीत आणि खाणींत पुरायचे सौदे करतो. एकदा ट्रकचे ड्रायव्हर काम थांबवतात, तर हा माणूस लहान पोरांना बोलावून ट्रक चालवायला बसवतो. स्टिअरिंगपलीकडचं दिसावं म्हणून त्यांच्या खाली उशा घालतात. एक म्हातारी शेतकरीण पीचची टोपली भेट देते, आणि थोडं पुढे गेल्यावर तो ती रस्त्याकडेला फेकून द्यायला लावतो, कारण ही फळं कुठल्या मातीतली आहेत हे त्याला पक्कं ठाऊक आहे. संपूर्ण दृश्यात एकही गोळी सुटत नाही. गँगस्टर सिनेमातलं याहून हिंसक दृश्य मी पाहिलेलं नाही.

पुढे साव्हियानोंच्याच कादंबरीवरून २०१९ मध्ये ‘पिरान्हाज’ आला. पंधरा-सोळा वर्षांची पोरं, स्कूटर, महागडे बूट, पिस्तुलं. बर्लिनला पटकथेचं रौप्य अस्वल मिळालं. तो पोरांच्या चेहऱ्यांना इतका चिकटून राहतो की त्यांना वापरणारी मोठी माणसं धूसर होतात. दोन्ही सिनेमे एका आठवड्यात बघा. पोरं दाखवणं आणि पोरं कुठून येतात ते दाखवणं यातला फरक आपोआप कळेल. माझी तक्रार एवढीच आहे की आपल्या परीक्षणांना हा फरक करावासा वाटत नाही.

आता ‘मुळशी पॅटर्न’च्या चाहत्यांना न आवडणारी गोष्ट. समीक्षेने जमिनीकडे नीट पाहिलं असतं, तर सिनेमाची खरी खोटही सापडली असती. हा सिनेमा विकणाऱ्याला दोष देतो. जमीन विकली, माज केला, पैसा उडवला, म्हणून हे भोग आले, असा त्याचा सूर आहे. प्रेक्षकही तोच धडा घेऊन उठतो. आमच्या आळीतला एक पोरगा, अकरावीतला, मला म्हणाला, “दादा, सगली चूक बापाची. त्यानं जमीन इकलीच कशाला?”

मी विचारलं, “कुणाला विकली?”

“कुनी शेट होता.”

“नाव काय त्याचं?”

त्याला टोळीतल्या प्रत्येकाचं नाव पाठ होतं. कोण कुणाला कुठे मारतो, तेही. शेटचं नाव आठवेना. हसून म्हणाला, “त्याचा डायलॉगच नाय ना भारी.”

यापेक्षा नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही. विकणारा लक्षात राहतो, मारणारा लक्षात राहतो, विकत घेणारा विसरला जातो. सिनेमा त्याला चांगला डायलॉग देत नाही आणि समीक्षक ते विचारत नाही.

आणि ‘विकलीच कशाला’ या प्रश्नाला आमच्या मातीत दुसरंही उत्तर आहे. न विकणाऱ्यांचं. धरमतरच्या पलीकडे, पोयनाडजवळ चरी नावाचं गाव आहे. तिथल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. सहा वर्षं शेत कसायचं नाही, म्हणजे सहा वर्षं उपासमार. लाकूडफाटा विकून माणसं जगली. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढच्या कूळकायद्याची वाट तिथून गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणमध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व उभं राहिलं. आणि २१ सप्टेंबर २००८ ला, आमच्याच पेण तालुक्यातल्या २२ गावांत, महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. कौल कुठल्या बाजूचा होता हे कुणापासून लपलं नाही. तो सेझ इथे उभा राहिला नाही.

या तिन्ही गोष्टींत तरुण पोरं होती. राग होता, जमाव होता, रात्रीच्या बैठका होत्या, पोलीस होते, जिवाची भीती होती. सिनेमाला लागणारं सगळं होतं. फक्त भाई नव्हता. एकट्या पडलेल्या शेतकऱ्याच्या पोराला भाई लागतो, गाव एकत्र उभं असलं की लागत नाही. ‘मुळशी पॅटर्न’मध्ये गाव कुठेच एकत्र येत नाही, प्रत्येक घर एकेकटं विकतं आणि एकेकटं बुडतं. ही त्या काळाबद्दलची खरी नोंद असेल. पण मग परीक्षणाने ती नोंद वाचून दाखवायला नको?

अजून एक माणूस या सिनेमांत दिसत नाही. बहीण. म्हणजे असते, राखी बांधायला, रडायला. कागदावर नसते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे. त्यामुळे आज आमच्याकडे जमीन विकायची तर आधी बहिणींचं हक्कसोडपत्र लागतं. लग्न होऊन वीस-तीस वर्षं झालेल्या बायकांना साडीचोळी देऊन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आणलं जातं. बहुतेक जणी माहेर तुटू नये म्हणून सही करतात. माझ्या एका आत्याने नाही म्हटलं. तेव्हा तिच्या दारात तिच्याच भाच्यांच्या तीन मोटरसायकली रात्री येऊन उभ्या राहिल्या. कुणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. फक्त इंजिनं चालू ठेवली. आत्याने आठवड्याने सही केली.

पोरांनी दहशतीचा पहिला धडा तिथे गिरवला. कुठल्या टोळीत नव्हे, घरात, सख्ख्या आत्यावर. एजंटला हे करावं लागलं नाही, त्याने फक्त सांगितलं की एक सही कमी पडतेय. मोठं होऊन यातला एखादा कोयता काढेल तेव्हा आपण म्हणू, सिनेमे बघून बिघडला. काळजीवाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे की सिनेमा बघायच्या आधी त्याने खूप काही बघितलेलं असतं.

याचा अर्थ पोरांना दोष द्यायचा नाही, असं मी म्हणत नाही. जमीन गेलेलं प्रत्येक पोरगं भाई होत नाही. माझ्या वर्गातली अर्धी पोरं कंपनीत कंत्राटावर लागली, कुणी रिक्षा घेतली, दोघं पेणला गणपतींच्या कारखान्यात रंगकाम करतात. ज्याने मोटरसायकल उभी केली त्याने ती स्वतः उभी केली. त्याचा हिशेब त्याच्याकडेच मागायचा. पण हिशेबाच्या वहीत एकच नाव असेल तर ती वही खोटी आहे.

हे सगळं आत्ता सांगायची गरज का? कारण अटल सेतू झालाय, नवी मुंबईचा विमानतळ झालाय, आणि उरण-पनवेल-पेणमधल्या १२४ गावांवर नव्या शहराची रेघ ओढली गेलीय. आमच्या नाक्यावर दर दुसऱ्या टपरीवर ‘जमीन घेणे-देणे’चा फलक आहे. बारावी झालेल्या पोराला इथे सगळ्यात सोपा धंदा कुठला, तर टोकन फिरवणाऱ्या एजंटच्या मागे गाडीवर बसणं. पाच-सात वर्षांत यावर सिनेमा येईल. नाव ‘रायगड पॅटर्न’ असेल किंवा आणखी काही. गाणं हळदीला वाजेल. ओम भूतकरसारखा एखादा ताकदीचा नट मिळेल.

तेव्हा परीक्षण लिहिणाऱ्याला माझी विनंती आहे, आणि तुम्हालाही, कारण स्टेटसला दोन ओळी टाकणारा प्रत्येक जण आता परीक्षणच लिहितो. पडद्यावर पहिला खून व्हायच्या आधी चार गोष्टी टिपून ठेवा. जमीन कुणी घेतली. भाव कुणी ठरवला. सही कुणाची घेतली, कशी घेतली. आणि बांधाला खांड पडली तेव्हा ती बुजवायला कोण आलं नाही. सिनेमात याची उत्तरं असतील तर तसं लिहा, नसतील तर तेही लिहा. अभिनयाला तारे मग द्या, हवे तितके.